नवा गेम निवडण्याआधी जुन्याचा हिशेब

गेम सोडलात. लॅपटॉपवरून काढून टाकलात, फोनवर येणारी गिल्डची नोटिफिकेशनंही बंद केलीत. पहिले चार-पाच दिवस बरं वाटलं. जेवण सावकाश झालं, अर्धवट राहिलेली वेबसिरीज संपली. सहाव्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास हात आपोआप माऊसकडे गेला आणि तुम्ही कुणाला तरी मेसेज टाकलात, ‘आता कुठला सुरू करू?’

या प्रश्नाला उत्तरं भरपूर मिळतात. नवीन शहरात राहायला गेल्यावर ‘इथे डॉक्टर चांगला कोण?’ असं विचारलं, की प्रत्येक जण आपल्याच डॉक्टरचं नाव सांगतो. गेमचंही तसंच. सांगणाऱ्याला त्याचा गेम आवडतो, एवढंच त्यातून कळतं.

घरातल्या ज्या मंडळींना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑनलाइन मल्टिप्लेअर रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत एमएमओ. यात एक मोठं काल्पनिक जग असतं आणि हजारो माणसं एकाच वेळी त्यात वावरतात. प्रत्येकाचं स्वतःचं एक पात्र असतं. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी नुसताच मासे पकडणारा. बुद्धिबळाचा डाव संपतो, कॅरमचा बोर्ड संपतो. हे जग संपत नाही. तुम्ही झोपलात तरी तिथे बाजार भरलेला असतो, लढाया चालू असतात. म्हणून असा गेम सोडणं हे एखादी राहती सोसायटी सोडून जाण्यासारखं असतं, आणि नवा शोधणं म्हणजे नवं घर शोधणं. घर बदलताना आपण जुन्यात काय नको झालं होतं याचा आधी विचार करतो. गेमच्या बाबतीत तो बहुतेक कुणी करत नाही.

का सोडलात?

‘कंटाळा आला’ हे उत्तर पुरेसं नाही. कशाचा कंटाळा?

बऱ्याच जणांना गेमचा नसतो, हजेरीचा असतो. रोज लॉगिन केलं की बक्षीस, रोजची ठरलेली पाच कामं, आठवड्याची वेगळी, सीझन संपण्याआधी मिळवायची आणखी वेगळी. एक दिवस चुकला की मागे पडल्याची रुखरुख. दिवसभर ऑफिसात कामं उरकायची आणि रात्री ड्रॅगनच्या राज्यात पुन्हा कामंच उरकायची! तुम्ही यामुळे सोडला असेल, तर नव्या गेमबद्दल एकच प्रश्न विचारा: तीन आठवडे आलो नाही तर काय होईल? ग्राफिक्स कसे आहेत, नकाशा केवढा आहे, हे सगळं नंतर. तो गेम वर्ष-दोन वर्षं खेळलेल्या कुणालाही हे विचारा. उत्तर देताना तो जरा घुटमळला, तर समजून जा.

या प्रश्नाची उत्तरं गेमागणिक फार वेगळी आहेत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४पासून चालू आहे, पण तिथे सीझन बदलला की आधीच्या सीझनमध्ये कमावलेली हत्यारं-चिलखतं फिकी पडतात. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये २०१२ साली सर्वोच्च लेव्हल ८० होती, आजही ८०च आहे. दोन वर्षांनी परत आलात तरी तुमचं पात्र जवळपास तिथेच आणि तेवढंच समर्थ असतं. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या गेममध्ये तर कौशल्यं खऱ्या घड्याळावर वाढतात. शिकायला लावून लॉगआउट केलं, तरी शिकणं चालूच राहतं. तिन्ही गेम चांगले आहेत. पण हजेरीला वैतागलेल्या माणसाने पहिल्यात पुन्हा जाऊन बसणं मला पटत नाही.

दुसरं कारण, गिल्ड फुटली. गिल्ड म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची मंडळी. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखाच प्रकार: दोन-तीन माणसं सगळं ओढून नेतात, मग त्यातल्या एकाची बदली होते, दुसऱ्याचं लग्न होतं, आणि उरलेल्यांत कुरबुरी सुरू होतात. गिल्ड फुटल्यावर गेम आपोआप बेचव लागायला लागतो. अशा वेळी दोष गेमचा नसतो, त्यामुळे नुसता गेम बदलून काही साधत नाही. इथे आधी माणसं शोधावी लागतात. त्यावर पुढे बोलू.

तिसरं, गेमच बदलला किंवा बंद झाला. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये नोव्हेंबर २००५मध्ये कंपनीने खेळायची पद्धतच बदलून टाकली. वर्षानुवर्षं घडवलेले व्यवसाय मोडीत निघाले, पुष्कळ खेळाडू निघून गेले आणि १५ डिसेंबर २०११ला ते जग कायमचं बंद झालं. पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरला ‘सिटी ऑफ हीरोज’ बंद झाला. त्याच्या चाहत्यांनी मात्र हट्ट सोडला नाही. त्यांनी स्वतःच सर्व्हर चालवले, आणि जानेवारी २०२४मध्ये मूळ कंपनीने त्यातल्या एका गटाला रीतसर परवानगीही दिली. सप्टेंबर २०२१मध्ये गाजावाजा करून आलेल्या ‘न्यू वर्ल्ड’मध्ये नवीन काही घालणार नाही, असं त्याच्या कंपनीने ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीचा गेम, आणि चार वर्षांत ही गत. म्हणून माझं मत सांगते: एकदा घर गमावलेल्याने कोऱ्या करकरीत गेमच्या जाहिरातीला भुलू नये. दहा वर्षं तगलेल्या गेमवर थोडी धूळ असेल, पण भिंती पक्क्या असतात.

आणि चौथं कारण. खेळणं हातात राहिलं नव्हतं म्हणून सोडला असेल, म्हणजे झोप, अभ्यास, नोकरी, घरची माणसं सगळं मागे पडूनही थांबता येत नव्हतं, तर कृपा करून दुसरा एमएमओ शोधू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. असं वागणं साधारण बारा महिने टिकून असेल तर डॉक्टर तसं निदान करतात, पण मदत मागायला बारा महिने थांबायची गरज नाही. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा नंबर १४४१६ आहे, फोन मोफत आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी वेगळं क्लिनिकही आहे.

इस्पिक, बदाम, चौकट, किलवर

का सोडला हे कळलं. आता आवडत काय होतं?

१९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी अनेकांनी एकत्र खेळायचा गेम तयार केला. त्यात चित्रं नव्हती, नुसते शब्द. आजचे सगळे एमएमओ त्याच घराण्यातले. पुढे १९९६मध्ये बार्टल यांनी एका लेखात खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या चार रंगांत मांडले. चौकट, म्हणजे हिरे गोळा करणारे: लेव्हल, बक्षिसं, पदकं यांच्या मागे लागलेले. इस्पिक, म्हणजे इंग्रजीत फावडं: खणत राहणारे, नकाशाचा प्रत्येक कोपरा बघणारे. बदाम: गप्पा मारायला, माणसांत राहायला येणारे. आणि किलवर, म्हणजे इंग्रजीत सोटा: दुसऱ्या खेळाडूला हरवण्यातच ज्यांना मजा येते ते.

कुणीच पूर्णपणे एका रंगाचं नसतं. पण एक करून बघा. जुन्या गेममधली शेवटची मनापासून आवडलेली संध्याकाळ आठवा. मोठ्या बॉसला हरवून हत्यार मिळालं होतं का? की कुठल्याशा डोंगरावर चढून पलीकडचा समुद्र दिसला होता? की काहीच झालं नव्हतं, सहा जण शेकोटीभोवती बसून परीक्षेच्या निकालावर बोलत होते? जे आठवेल तो तुमचा रंग.

बदामवाल्यांना आणि गोष्टीची आवड असलेल्यांना मी ‘फायनल फँटसी १४’ सुचवते. याचा पहिला अवतार २०१० साली आला आणि सपशेल पडला. कंपनीने तो बंद करून सगळा नव्याने बांधला आणि २०१३मध्ये परत आणला. पडलेला गेम असा उभा राहिल्याची उदाहरणं फार नाहीत. गोष्ट लांबलचक आहे, एखाद्या दैनंदिन मालिकेसारखी, आणि पहिले काही तास सुस्त आहेत हेही खरं. पण नवख्यांना सांभाळून घेणारी माणसं तिथे भेटतात. इस्पिकवाल्यांनी ‘गिल्ड वॉर्स २’ किंवा ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ बघावेत. दुसऱ्यात २०१६पासून असा बदल झाला आहे की कुठल्याही लेव्हलचा खेळाडू कुठल्याही प्रदेशात जाऊ शकतो. बहीण तीन वर्षं खेळतेय आणि भावाने काल सुरू केलं, तरी दोघं पहिल्याच दिवशी बरोबर हिंडू शकतात. चौकटवाल्यांसाठी ‘वॉरक्राफ्ट’ आहेच.

किलवरवाल्यांनी ‘ईव्ह’कडे जावं, पण जपून. तिथे जहाज बुडालं की बुडालं, परत मिळत नाही. जानेवारी २०१४मध्ये तिथे सुमारे २१ तास चाललेल्या एका लढाईत साडेसात हजारांहून जास्त खेळाडू होते. ती लढाई पेटली कशावरून? एका ठाण्याचं ठरलेलं भाडं वेळेवर भरलं गेलं नाही यावरून.

भारतातलं घड्याळ

परदेशी मासिकांतल्या ‘सर्वोत्तम दहा’ याद्या वाचून आपल्याकडचे लोक फसतात ते इथे. यादी लिहिणारा अमेरिकेत किंवा युरोपात बसलेला असतो. त्याचा सर्व्हर त्याच्या खंडात, त्याचे सोबती त्याच्याच वेळेत जागे. तुमचं तसं नाही.

बडोद्याहून एका वाचकाने लिहिलं होतं. औषध कंपनीत नोकरी, घरी आठ महिन्यांची मुलगी. साडेतीन वर्षं एका युरोपीय गिल्डमध्ये खेळत होते. गिल्डची मोठी मोहीम, म्हणजे रेड, तिथल्या रात्री आठला. हिवाळ्यात ते आपले साडेबारा, उन्हाळ्यात घड्याळ पुढे गेल्यावर साडेअकरा. आठवड्यातून दोन रात्री. मुलगी झाल्यावर ते जमेना आणि त्यांनी सोडलं. ‘पण खेळायचं आहे,’ असं त्यांनी पुढे लिहिलं होतं, ‘रात्री नऊ ते साडेनऊ मुलगी झोपते, तेवढा अर्धा तास माझा आहे.’

अर्धा तास! आणि त्यांना मिळालेले सल्ले सगळे तीन-तीन तासांच्या मोहिमांचे. मी त्यांना ‘गिल्ड वॉर्स २’ सांगितला, कारण तिथले मोठे बॉस रेल्वेच्या वेळापत्रकासारखे येतात. दर पाव तासाला कुठे ना कुठे एक, आणि वेळा जागतिक घड्याळाला बांधलेल्या. त्यामुळे युरोपने घड्याळ पुढे केलं काय किंवा मागे, भारतातली वेळ तीच राहते. माणसांच्या राज्यात, अगदी सुरुवातीच्या भागात ‘शॅडो बेहेमॉथ’ नावाचा एक बॉस रात्री सव्वानऊला येतो. साडेनऊला ‘टेक्वाटल’ नावाचा ड्रॅगन. कुणाला विचारायचं नाही, गटात घ्या म्हणून विनवायचं नाही. तिथे जाऊन उभं राहायचं, जमलेल्या पन्नास जणांबरोबर लढायचं, बक्षीस घ्यायचं आणि लॅपटॉप मिटायचा. मध्येच मुलगी रडली तर उठून जायचं, कुणाचं काही अडत नाही.

विद्यार्थ्यांचं गणित वेगळं. सिंगापूरच्या रात्री आठला आपले संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. ज्यांना रात्री अभ्यास आहे त्यांना आशियाई सर्व्हर सोयीचा. रात्रपाळी करणाऱ्यांना उलट अमेरिकेतला बरा. नवा गेम निवडताना आधी स्वतःची मोकळी वेळ कागदावर लिहा, मग त्या वेळी कुठल्या सर्व्हरवर गर्दी असते ते बघा. सर्व्हर एकदा निवडला की बदलणं बहुतेक ठिकाणी खर्चाचं असतं, काही ठिकाणी अशक्यच.

सर्व्हर लांब असला की आणखी एक अडचण येते, पिंग. तुम्ही बटण दाबल्यापासून सर्व्हरचं उत्तर परत येईपर्यंतचा वेळ. भारतातून युरोपला साधारण दीडशे मिलिसेकंद किंवा जास्त धरा. पण सगळ्या गेमना ते सारखं बाधत नाही. ‘फायनल फँटसी १४’मध्ये दोन मुख्य वारांमध्ये अडीच सेकंदांचं अंतर असतं, ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’चं जग दर ०.६ सेकंदाला एक पाऊल पुढे सरकतं. अशा ठिकाणी थोडा उशीर पचून जातो. अगदी वरच्या मोहिमांत तो जाणवतो, पण तिथे पोचायला तुम्हाला महिने लागतील. नेम धरून मारायचे, उडी मारून वार चुकवायचे गेम मात्र लांबच्या सर्व्हरवर वैताग आणतात. जाहिरातीतली लढाई कितीही देखणी दिसू दे.

फक्त फोन असेल तर

आपल्यातल्या पुष्कळ जणांकडे गेमिंगचा लॅपटॉप नाही, आणि त्याची गरजही नाही. मोठ्या पीसी गेमचं डाउनलोड शंभर जीबीच्या घरात जातं. रोज दोन जीबीच्या पॅकवर ते करायला बसलात तर पन्नास दिवस लागतील, आणि तोवर नवा अपडेट आलेला असेल.

फोनवर दोन नावं मी बिनधास्त सांगते. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’: २००७मधल्या जुन्या गेमची प्रत २०१३मध्ये खेळाडूंच्या मागणीवरून पुन्हा चालू केली, २०१८पासून फोनवर आहे. दिसायला अगदी साधा, चौकोनी. पण नवीन काही घालायचं की नाही यावर तिथे खेळाडूंचं मतदान होतं, आणि साधं बहुमत त्याला पुरत नाही. लाकडं तोडा, मासे पकडा, स्वयंपाक करा. बसमध्ये उभ्याने एका हाताने खेळता येतो. दुसरा ‘अल्बियन ऑनलाइन’. २०२१पासून फोनवर आहे, २०२३पासून आशियासाठी वेगळा सर्व्हर आहे. इथली तलवार, घोडा, चिलखत, जवळजवळ सगळं खेळाडूंनीच बनवलेलं असतं आणि बाजारात खाली-वर होणाऱ्या भावाने विकलं जातं. व्यापाराचं डोकं असलेल्याला ही पर्वणी. मात्र धोक्याच्या भागात गेलात आणि हरलात, तर अंगावरचं सगळं जातं. तिथे नेहमी हरवलं तरी चालेल एवढंच घेऊन जा.

फोनवर आणखी शेकडो एमएमओ दिसतील. त्यातल्या अनेकांत ‘ऑटो’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की पात्र आपलं आपण चालतं, लढतं, कामं उरकतं, आणि तुम्ही बघत बसता. मग दोन दिवसांनी एक चमचमती पेटी उघडायला पैसे मागितले जातात. ज्या गेमला खेळायला तुमची गरजच नाही, त्याला पाकिटाची तेवढी गरज का असते, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पैसे

गेम साधारण तीन पद्धतींनी पैसे घेतात: दर महिन्याला, एकदाच, किंवा फुकटात घेऊन आत दुकान मांडून. पण बहुतेक मोठ्या गेमची चव फुकट घेता येते. ‘फायनल फँटसी १४’ची फुकट आवृत्ती लेव्हल ७०पर्यंत, मुदतीशिवाय खेळता येते. त्यात बाजार वापरता येत नाही, गिल्डमध्येही जाता येत नाही. आणि एकदा त्याच अकाउंटवर पैसे भरले की परत फुकट आवृत्तीत येता येत नाही, तेव्हा घाई नको. ‘गिल्ड वॉर्स २’चा मूळ गेम २०१५पासून फुकट आहे. ‘वॉरक्राफ्ट’ लेव्हल २०पर्यंत. पहिले दोन आठवडे एक रुपया खर्च करायचा नाही, असं ठरवूनच सुरू करा.

मासिक वर्गणी लावलीत तर ती कुठे लावली हे लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी आपोआप जाणारी रक्कम पंधरा हजारांपर्यंत असेल तर दर वेळी ओटीपी लागत नाही, फक्त चोवीस तास आधी बँकेचा मेसेज येतो. आपण बँकेचे मेसेज वाचतो का? सोडलेल्या गेमची वर्गणी महिनोन् महिने जात राहते ती अशी.

कुणी आजी-आजोबा ‘सरकारने हे गेम बंद केले ना?’ असं विचारतील. ऑगस्ट २०२५मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. वर्गणी भरून नुसतं खेळायचे गेम त्यात येत नाहीत. गेममधलं सोनं किंवा अकाउंट खऱ्या पैशांना विकणारे मात्र सगळीकडे भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. ते गेमच्या नियमांत बसत नाही आणि फसवणूकही भरपूर होते.

आत भेटणारी माणसं

नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा तरुण स्नायू क्षीण होत जाण्याच्या एका जन्मजात आजाराने २०१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. शेवटची कित्येक वर्षं तो खुर्चीतून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत असे. आईवडिलांना वाटत होतं, आपला मुलगा एकटा पडला, त्याला ना मित्र, ना प्रेम. तो गेल्यावर वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी टाकली. आणि अनोळखी माणसांची ईमेल येऊ लागली, एकामागून एक. हा आमचा मित्र होता. याने मला माझ्या आईशी बोलायला लावलं. याच्यामुळे मी त्या वर्षी सावरले. गेममध्ये त्याचं नाव इबेलिन होतं, त्याची गिल्ड ‘स्टारलाइट’. अंत्यसंस्काराला त्या गिल्डमधली माणसं दुसऱ्या देशांतून आली. २०२४मध्ये बेंजामिन री यांनी त्याच्यावर माहितीपट केला. घरात कुणी खेळणारं असेल तर सगळ्यांनी मिळून एकदा बघा.

हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण ज्याला गेम सोडल्यावर हुरहूर लागते, त्याला बहुतेक वेळा अशाच कुणाची तरी आठवण येत असते. म्हणून जमलं तर एकट्याने जाऊ नका. जुन्या गिल्डमधल्या दोघा-तिघांना विचारा, कुणी ना कुणी तुमच्यासारखंच कंटाळलेलं असतं. तेही नसेल तर नव्या जागी पहिल्या आठवड्यातच गिल्ड शोधा, पण मोठी शोधू नका. पाचशे जणांच्या गिल्डमध्ये तुम्ही आलात कधी आणि गेलात कधी हे कुणाला कळत नाही. वीस-तीस जणांची, ज्यांचं चॅट तुमच्या मोकळ्या वेळी हलतं अशी बघा. दोन दिवस नुसतं वाचा. नवख्याने साधा प्रश्न विचारल्यावर त्याला उत्तर मिळतं की टोमणा, एवढं पुरतं.

भारतीय खेळाडूंच्या गिल्डही असतात. हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणं चालतं, आणि मध्येच कुणीतरी इंग्रजी अक्षरांत ‘जेवलास का?’ टाइप करतं. इंदूर-हैदराबादला वाढलेल्या आपल्या मुलांना घराबाहेर मराठी ऐकायला मिळायची ही जागा मला तरी सुचली नसती.

मुलांचं म्हणून एक: वय कमी असेल तर अनोळखी लोकांशी चॅट आणि आतली खरेदी, दोन्ही सेटिंगमधून बंद करता येतं का ते आधी बघा. येत नसेल तर दुसरा गेम.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. एमएमओला पॉझ नसतो. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ म्हटलं की तुमच्या मुलाबरोबर लढणारे सात जण मध्येच अडकतात, म्हणून तो ‘दोन मिनिटं’ म्हणत राहतो आणि ताट गार होतं. त्याऐवजी आधी विचारा, किती वाजता संपेल? खेळणाऱ्यानेही वेळ खरी सांगावी आणि पाळावी. जेवणाच्या वेळेला रेड लावणारी गिल्ड निवडली असेल, तर ती बदलणं खेळणाऱ्याच्या हातात आहे, आईच्या नाही.

निघण्यापूर्वी

जुनं अकाउंट रागाने पुसून टाकू नका. बहुतेक मोठ्या गेममध्ये वर्गणी थांबवली तरी पात्र तसंच राहतं. घरं मात्र राहतीलच असं नाही. ‘फायनल फँटसी १४’मध्ये सलग ४५ दिवस घरात पाय ठेवला नाही तर ते पाडलं जातं, आतल्या वस्तू ठरावीक मुदतीत सोडवून घ्याव्या लागतात. कार्ड किंवा यूपीआयची जोडणी काढा. ‘परत या, तुमच्यासाठी खास’ छापाची मेल थांबवा, नाहीतर नव्या गेमच्या तिसऱ्या दिवशी, जेव्हा काहीच जमत नसतं, नेमकी तेव्हाच ती येते. गिल्डच्या म्होरक्याला दोन ओळींचा निरोप द्या आणि तिजोरीची किल्ली तुमच्याकडे असेल तर ती सोपवा.

नव्या जागी पहिलं काम असतं पात्राला नाव देण्याचं. तिथे पुष्कळ जण नवं काहीतरी भारदस्त शोधत बसतात. जुनंच मिळत असेल तर तेच घ्या. जुन्या सोबत्यांपैकी कुणी सहा महिन्यांनी त्याच गेममध्ये आलं, तर त्याच नावाने तुम्हाला शोधेल.